चूक पोटात घालणारी काठी

बुधवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

चि. ठकूस,

आजीचा आशीर्वाद, आणि गालाला एक चिमटा.

इकडे सगळं ठीक आहे. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून हे वाक्य घातलंय, त्यावर फार विसंबू नकोस. तू जेवतेस का? की पुन्हा त्या कॉम्प्युटरपुढे बसून बिस्किटांवर दिवस काढतेस? गेल्या खेपेला आलीस तेव्हा गालफडं इतकी बसली होती की चिमट्यात काही सापडेना.

आधी अक्षराचं सांगते. मला वाचता येत नाही, पण डोळे शाबूत आहेत. ओळी वरच्या कोपऱ्यातून निघतात आणि घसरगुंडीवरून सुटल्यासारख्या खाली येतात, ते मला दिसतंय. एकेक अक्षर पाय फाकून उभं आहे. टेबल डुगडुगतं, पेन नवीन आहे आणि तुझी आई मावशीकडे गेलेली, त्यामुळे हाताला जो लागला त्याला लिहायला बसवलाय. तेव्हा हसू नकोस. घाबरू तर त्याहून नकोस.

उद्या पहाटे गोल्फच्या मैदानाचा गाडीवाला सामान आणायला तुमच्याकडे निघतोय. हे पत्र आणि एक लांबडं पार्सल त्याच्याकडे देतेय. संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात येईल असं कबूल केलंय त्याने. वाटेत गाडी बंद पडू नये, त्याला कुणी गप्पिष्ट भेटू नये, एवढंच सकाळपासून डोक्यात चाललंय. फोन केला असता, पण तू रविवारपासून उचलत नाहीस.

रविवारी मी तुला एवढंच म्हणाले की तुझी काठी तुटली. तू म्हणालीस, "बरं झालं आजी, शुक्रवारच्या आधी कळलं. मी नाव मागे घेते." आणि फोन ठेवलास. शुक्रवारी तुमच्या कंपनीचे मोठे लोक बसणार, जन्मात गोल्फ न खेळलेली माणसं बोलावून त्यांच्या हातात तुझी काठी देणार आणि ती बाजारात आणायची की नाही ते ठरवणार, हे सगळं मला पाठ आहे. तरी मी ते अर्धं वाक्य बोलले. घाबरले होते गं. घाबरलेलं माणूस अर्धंच बोलतं आणि ऐकणारा उरलेलं अर्धं आपल्या मनाने भरतो.

आता सगळं सांगते. पण माझ्या चालीने सांगू दे, मधल्या ओळी टाकून पुढे पळू नकोस.

ती काठी तू पाठवलीस तेव्हा म्हणाली होतीस, आजी, आपल्या घरात गोल्फ न येणारी एकटी तूच, तेव्हा ही आधी तू मारून बघायची. काही येत नाही म्हणून इतका मोठा मान मला आजवर कुणी दिला नव्हता. लगेच पदर खोचून तयार झाले. त्याआधी तुझा बाप शेडमध्ये काठ्या घडवतो त्यातली एक मी गंमत म्हणून धरून पाहिली होती. तिचं डोकं सुरीच्या पात्यासारखं पातळ. मारायला गेले तर चेंडू जागच्या जागी बसून माझ्याकडे बघतोय आणि ढेकूळ उडून जाळीत. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तुझ्या काठीचा तळ माझ्या टाचेसारखा रुंद, मातीत रुतत नाही, घसरून पुढे जातो. वजन तू मधून काढून कडांना आणि खाली नेलंस, म्हणून चेंडू कुठेही लागला तरी काठी हातात वळत नाही, असं तू समजावलं होतंस. मला एवढं कळलं की मी वेडंवाकडं मारते, तरी चेंडू उडतो. दर रविवारी शेडमागे जाळी लावून मारायचे आणि तुला फोनवर सांगायचे. रविवारची वाट बघायला लागले होते मी, या वयात.

तुझ्या बापाला हे सगळं काडीइतकंही पसंत नव्हतं, ते तुला सांगायला नको. तुमचं भांडण माझ्यासमोरच झालं. तो म्हणाला होता, काठीच चूक पोटात घालायला लागली तर माणूस शिकणार कधी. तू म्हणालीस, तुमच्या काठ्या धरलेली माणसं दुसऱ्या दिवशी येतच नाहीत, मग शिकणार कोण. ताटं तशीच राहिली. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्या तोंडाने बोलता. तिला सांग, त्यांना सांग. मी काय टपाल कचेरी आहे?

इथे लिहिणाऱ्याचा हात थांबला. मी म्हटलं, लिही. पेनची खरखर मी ऐकत असते, ठकू. मी लांबलचक बोलले आणि पेन इवलंसंच खरखरलं की समजायचं, काहीतरी गिळलं. मघाशी एक वाक्य असंच गिळलं होतं. वाचून दाखव म्हटल्यावर चोरी पकडली. ते वाक्य हे: तुझा फोन आला की तुझा बाप शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद करतो.

आता तुला कळलंच असेल. पत्र तोच लिहितोय. डाव्या हाताने, कारण उजवा प्लास्टरमध्ये आहे.

खाली बस. पाणी पी. मग पुढे वाच.

मी इतके रविवार मारायचे तेव्हा तो शेडच्या खिडकीची काच पुसत असायचा. एक काच किती पुसायची माणसाने? मला दिसत होतं सगळं, मी दिसत नसल्यासारखी मारत राहिले. त्याला उलगडा होत नव्हता की माझ्यासारख्या बाईचा चेंडू हवेत जातोच कसा. त्याला वाटलं, तू डोक्यात आत शिसं लपवलंयस. शनिवारी संध्याकाळी मी टीव्हीपुढे बसलेली बघून याने तुझी काठी शेडमध्ये नेली, तापवून डोकं दांड्यावरून उतरवलं, तराजूत घातलं, उलटं-सुलटं केलं. शिसं नव्हतं. जे होतं ते तू आकारातूनच साधलेलं. मग म्हणे तो नुसता "हं" म्हणाला. हे त्याने मला स्वतः सांगितलंय. तुझ्या बापाचं "हं" म्हणजे दुसऱ्याने उठून टाळ्या वाजवल्यासारखं आहे, हे तुला नाही तर कुणाला कळणार.

मग डोकं परत बसवायला हवं होतं, मला रविवारी कळायच्या आत. ते दोन ट्यूबांमधलं मिसळून लावतात ना, मी डिंकच म्हणते त्याला, ते म्हणे दोन्ही सारखं मोजून घ्यायचं आणि वाळायला पुरा दिवस द्यायचा, नाहीतर ते आत ओलंच राहतं. याने अंदाजाने पिळलं आणि सकाळी काठी होती तिथे आणून ठेवली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर याने त्याला शेडबाहेर काढून वर दार लावलं असतं.

आणि त्या दिवशी, इतक्या रविवारांत पहिल्यांदा, हा काच सोडून बाहेर आला. म्हणाला, आज मी बघतो कशी मारतेस. मला काय, मी फुगले. जाळीची एका बाजूची दोरी तुटली होती, ती धरून तो कडेला उभा राहिला. मी काठी मागे नेली आणि मारली. मध्येच ती हातात एकदम हलकी झाली, बादलीचा दोर तुटल्यावर हात कसा वर येतो, तशी. डोकं जाळीकडे गेलं, पण जाळीत नाही, जाळी धरलेल्या मनगटावर. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. भांडं आपटलं तरी दचकते.

तो खाली बसला आणि मला विचारलं, "आई, तुला लागलं का?"

मला. ज्या हातांनी मारलं ते माझे, आणि हा मलाच विचारतोय.

दोन हाडं मोडलीत. प्लास्टर निघाल्यावर मूठ पहिल्यासारखी आवळता येईल की नाही ते तेव्हाच बघू, असं डॉक्टर म्हणाले. कानस धरायचा हात आहे तो. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही. तो बसल्या बसल्या प्लास्टरबाहेरची बोटं हलवून बघतो आणि मी बघितलं की थांबवतो. तुला मी फोन केला तो त्याला दवाखान्यात आत नेलं तेव्हा, बाहेरच्या बाकावरून. त्याच्या हाताचं बोलायला तोंडच उघडेना, म्हणून काठीचं बोलले.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते ऐक. तू नाव मागे घेतेयस हे मी याला सांगितलं, आणि तेव्हा कुठे याने मला शनिवारची गोष्ट सांगितली. म्हणाला, तिला कळव, तिच्या काठीत दोष नाही, चूक माझी आहे. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी त्याचा चेहरा निरखत बसले. कारण आधी का नाही बोलला? लहानपणी याच्या धाकट्या भावाने शेजारच्यांची काच फोडली, ती याने आपल्या नावावर घेतली होती आणि गालावर बोटं उमटेपर्यंत खरं सांगितलं नव्हतं. हा आपल्या माणसासाठी किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलू शकतो ते मला ठाऊक आहे. आणि परवाचा चेहरा तसाच सरळ होता.

तुझ्यासाठी हा खोटं बोलत असला तर? ते खोटं मी तुझ्यापर्यंत पोचवलं, तू शुक्रवारी काठ्या मांडल्यास आणि माझ्यासारख्याच कुणा अडाण्याने मारल्यावर डोकं सुटून कुणाच्या तोंडावर बसलं तर? याचं मनगट होतं, दुसऱ्याचा डोळा असेल. काल दिवसभर तोंडात घास गेला नाही. एकीकडे तुझी इतक्या दिवसांची मेहनत, एकीकडे अनोळखी माणसाचा डोळा, आणि मध्ये माझ्या मुलाचा शब्द. कुणाला विचारणार? विचारायचं ज्याला त्याच्यावरच तर संशय.

आज सकाळी हा प्लास्टर दाखवायला गेला तेव्हा मी शेडमध्ये गेले. ते सुटलेलं डोकं फडताळात ठेवलेलं होतं. दांडा जिथे बसतो त्या मानेत अंगठा खुपसला आणि फिरवला. चिकटला. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला, आणि आत अजून ओल्या मेणासारखं बुळबुळीत. मान कुठे चिरली नाही, वाकली नाही. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि एकटीच हसले, मग थोडी रडले. माझा मुलगा खरं बोलत होता.

हे सांगताना तो माझ्याकडे टक लावून बघतोय. त्याला हे आत्ताच कळतंय. बघू दे. लिही म्हटलं, तुझ्यावर संशय घेतला हेही लिही. तू काठी चोरून उघडलीस, मी तुला चोरून तपासलं, फिटंफाट.

तरीही ठकू, माझ्या अंगठ्यावर जाऊ नकोस आणि याच्या शब्दावरही नको. पार्सलमध्ये डोकं आणि दांडा दोन्ही आहेत, कुणी पुसलेले नाहीत. कपड्यात गुंडाळलंय तो माझा जुना परकर आहे, हसून घे. तू स्वतः उजेडात धरून बघ. शुक्रवारच्या काठ्यांचे जोडही एकेक करून स्वतः तपास, मशीनवर सोडू नकोस. तुमची ती मारायची मशीन दर वेळी नेमकी मधोमध मारते म्हणालीस. मी मधोमध कधीच मारत नाही. एखादी जरी डळमळली तर मांडू नकोस, मग कंपनी काय म्हणेल ते म्हणो. आणि सगळ्या घट्ट असल्या, तर माझ्या अर्ध्या वाक्यापायी नाव मागे घेऊ नकोस. त्या काठीने मला रविवार दिले.

घरी यायची घाई करू नकोस. शुक्रवार उरक आणि मग ये. जेवण भरवायला मी आहे, तो डाव्या हाताने सगळं अंगावर सांडतो आणि मी हसले की चिडतो.

आता एवढंच. खाली थोडी जागा सोडायला सांगितलीय. त्याला म्हटलं, आता मी बोलणार नाही, तुला काय लिहायचं ते तू लिही. तो काय लिहितो ते मला कळणार नाही, आणि मी विचारणारही नाही. बघू किती वेळ दम धरवतो.

सहीच्या जागी माझा अंगठा आहे. शाईचा नाही. पुन्हा त्या मानेत बुडवून उठवलाय. कागदाला कागद चिकटू नये म्हणून वर प्लास्टिकचा तुकडा ठेवलाय, तो काढ आणि बोट लावून बघ, अजून वाळलेला नसेल.

तुझी,
न शिकलेली आजी

.

ठकू, आजीचे चेंडू उजवीकडे पळतात. वजन थोडं मानेच्या बाजूला घेऊन बघ. मान बारीक ठेवलीस ते बरोबर आहे. शुक्रवारी रेडिओ बंद ठेवतो.
बाबा