बरणी आणि पन्हळ

रविवार, २३ नोव्हेंबर १९९७. नाशिक रोड

आज सासूबाईंना घेऊन सिन्नरला गोंदेश्वर पाहिला. यादवांची जुनी राजधानी म्हणे! कोरीव खांब, ढासळलेले कोपरे, सगळं पाहिलं; पण लक्ष कुठे होतं? परवा मी त्यांची लोणच्याची जुनी बरणी टाकून दिली, तेव्हापासून अबोला.

प्रदक्षिणेलासुद्धा मी एका बाजूने निघाले, त्या दुसऱ्या. शंकराच्या देवळात अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडत नाहीत. झालं! अलीकडे मी, पलीकडे त्या. अंतर दोन पावलं. पन्हळ ठणठणीत कोरडी, आणि पाण्याची बाटली माझ्याकडे.

"आई, पाणी घेता?"

"पन्हळीवरून नको देऊस."

मग वळसा कोणी घालायचा? मी का? एका बरणीपायी? पण ऊन फार होतं, आणि त्यांचे गुडघे... मुकाट्याने मागे फिरले. नंदीपाशी पोचते तर समोरून त्याच येताहेत, भिंतीला हात टेकत. त्याही निघाल्या होत्या! दोघींना हसू आवरेना.

पाणी पिऊन, तोंड पुसून, नंदीकडे बघत म्हणाल्या, "त्या बरणीला तडा होताच गं. माझ्याच हातून गेलेला."