पत्रपेटीवरचं दुसरं नाव

गुरुजी,

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी कामावर गेलो नाही. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, स्तोत्र म्हटलं, कपाळाला गंध लावलं. रोज कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की आरशात बघून मी ते गंध रुमालानं पुसतो. आमच्या ब्रेक तपासायच्या प्रयोगशाळेत त्यावरून कोणी कधी काही बोललं असं नाही, पण दोन हजार एकच्या हल्ल्यानंतर अशा काही सवयी आपोआप लागल्या. त्या दिवशी पुसायचं राहून गेलं. लक्षात आलं तेव्हा आम्ही डेट्रॉइटच्या कोर्टाच्या लिफ्टमध्ये होतो. शेजारी माझाच जुना कोट घालून मास्तर उभे होते. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग स्वतःच्या गळ्यातला छोटा क्रूस शर्टाबाहेर काढून नीट मध्यावर आणून ठेवला.

मास्तर म्हणजे डेट्रॉइटजवळ नोव्हाय गावातल्या आमच्या घरी, तळघरातल्या खोलीत राहणारे गृहस्थ. वय साठीच्या आसपास, आफ्रिकेतल्या एका देशातले, फ्रेंच बोलणारे, प्राथमिक शाळेत शिक्षक. मास्तर हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं. विचार करताना ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात, खडूची भुकटी झाडल्यासारखी. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हातातली डाळीची पळी तशीच धरून उभा राहिलो होतो. तुम्हीही तसंच करायचात.

डेट्रॉइटमध्ये चर्चच्या लोकांनी चालवलेलं एक घर आहे. आपल्या देशातून जीव मुठीत धरून पळालेली आणि इथं आश्रय मागणारी माणसं तिथं राहतात. आमच्या मराठी मंडळातली चार घरं महिन्यातून एकदा तिथं स्वयंपाकाला जातात, खिचडी-कढी नाही तर वरणभात. मला वाटायचं, अमेरिकेसारखा देश, दाराशी आलेल्याला सरकार एखादी खोली आणि पोटापुरते पैसे देतच असेल. तसं काही नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत घर नाही, मदत नाही, आणि पहिले काही महिने काम करायची परवानगीही नाही. निकाल बाजूनं लागला की मग सरकार थोडे दिवस हात देतं. मधला काळ माणसानं कसा काढायचा, ते कुठल्याच फॉर्मवर छापलेलं नाही. चर्चच्या घरात पलंग मोजके आणि रांग मोठी, म्हणून प्रत्येकाला मुदत ठरलेली. ऑक्टोबरात मास्तरांची मुदत संपली, आणि भांडी घासता घासता माझी बायको म्हणाली, "आपलं तळघर कोणासाठी ठेवलंय? त्या ट्रेडमिलसाठी?"

ते घरी आले त्या संध्याकाळी तिनं देव्हाऱ्यातल्या, तुम्ही दिलेल्या फुलपात्रातून पाणी आणि बशीत गुळाचा खडा पुढे केला. मी मात्र समोर बसून विचारत होतो, कागद कुठे आहेत, तारीख कधीची आहे, वकील कोण. ते फुलपात्र हातात धरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत नम्रपणे उत्तरं देत होते. शेवटी तीच म्हणाली, "अहो, पाणी तरी पिऊ द्या त्यांना!"

तेव्हा तुम्ही आठवलात. धरणाखाली गेलेल्या गावातली तीन कुटुंबं आपल्या गावाबाहेर येऊन टेकली होती. सरकारनं जमीन देऊ म्हटलं होतं, तोवर महिन्याला धान्य. राहायला काहीच नव्हतं. तुम्ही तिसरीच्या वर्गातली बाकं व्हरांड्यात काढलीत आणि खोली त्यांना दिलीत. सरपंच आले, "गुरुजी, शाळेची धर्मशाळा केलीत की!" तुम्ही खडू खाली न ठेवता म्हणालात, "शाळा सरकारची, आणि यांना उठवलं तेही सरकारनंच. सरकार सरकारच्या घरी राहतंय, तुम्ही कशाला तोशीस घेता?" मला त्यांना पाणी द्यायला पाठवलंत. मी तांब्या हातात धरूनच त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला आडनाव विचारलं. घरी असंच विचारतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही माझा कान धरलात. "आधी पाणी. नाव-गाव नंतर. तहानलेल्या माणसाला नाव विचारलं, तर तो पाण्यासाठी नाव सांगतो."

एवढं आठवूनही मी पुढची चूक केलीच. नागरिकत्वासाठी मी अर्ज करून दोन वर्षं होऊन गेली आहेत. नावाची तपासणी चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं. माझ्यानंतर अर्ज केलेल्यांचे शपथविधी होऊन पेढे वाटून झाले. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारा नागपूरचा मुलगा, मला काका म्हणतो, त्याला मी मास्तरांबद्दल सांगितलं. तो खुर्ची ओढून जवळ आला. "काका, तुमची फाइल आधीच कुठंतरी अडकून पडलीय. त्यात अजून हे कशाला? राहू द्या ना त्यांना, पण यार, ॲड्रेस नका देऊ." वाईट मनानं म्हणाला नाही तो. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. त्या रात्री जेवताना मी मास्तरांना सांगितलं, इथं खुशाल राहा, पण सरकारी पत्रं त्या चर्चच्या घरीच येऊ द्या, पत्ता बदलू नका. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. पोळीचा तुकडा मोडता मोडता मुलगी म्हणाली, "बाबा, बट ही लिव्ह्ज हिअर."

"तुला त्यातलं कळत नाही."

"ओके, देन एक्सप्लेन."

मी कढी मागितली.

हिवाळा पडला. मास्तरांना रिकामं बसवेना. मी उठायच्या आत ते दारासमोरचं बर्फ काढून ठेवायचे. एकदा शेजारच्या म्हातारीच्या दारातलंही काढलं, तर तिनं त्यांना केक आणून दिला आणि मला बजावलं, "तुझ्या मोठ्या भावाला एवढ्या थंडीत काम लावू नकोस." मास्तर महिनाभर त्यावर हसत होते. मला मुद्दाम "धाकट्या" अशी हाक मारायचे, बायकोनं शिकवलेल्या मराठीत. पण एकदा गंभीर होऊन म्हणाले, पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की स्वतःच्या कष्टाचं खावं, आणि आता रोज दुसऱ्याच्या घरी जेवतो. ते का पळाले, तेही हळूहळू कळलं. सैनिकांना गावातल्या काही माणसांची नावं आणि घरं हवी होती, आणि ती शाळेच्या हजेरीपटावरून सहज मिळाली असती. मास्तरांनी हजेरीपट दिला नाही. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून नीट मिटत नाहीत.

त्याच बोटांचे ठसे द्यायला सरकारनं त्यांना बोलावलं होतं. पत्र गेलं चर्चच्या घरी. तिथं तीस माणसांचं टपाल एका टोपलीत पडतं. तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा ठशांची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. त्यांची वकील, फुकट काम करणारी तरुण मुलगी, तिनं धावपळ करून नवी तारीख मिळवली आणि ठसे देववले. पण ती म्हणाली, पहिली तारीख का चुकली हे न्यायाधीश विचारणार. कारण पटलं नाही, तर या माणसानं अर्ज सोडून दिला असं धरता येतं. मग त्यांना परत पाठवतील. परत म्हणजे कुठे, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बायको त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "खोली दिलीत आणि दार काढून घेतलंत."

मी वकिलीणबाईंना विचारलं, मास्तरांनी तुम्हाला काय कारण सांगितलं? ती म्हणाली, पत्ता कळवायला विसरलो, असं. मी घरी येऊन तळघरात गेलो. मास्तर पलंगावर बसून मुलीचं फ्रेंचचं पुस्तक तपासत होते. मी म्हटलं, तुम्ही खोटं का सांगितलंत? ते म्हणाले, "धाकट्या, तुझं घर आहे. तुझाही कागद सरकारकडे आहे." गुरुजी, सैनिकांपुढे ज्यानं हजेरीपट सोडला नाही, तो माणूस माझी लाज झाकायला स्वतःचा जीव पणाला लावत होता, आणि तेही अगदी साध्या आवाजात, गृहपाठ तपासता तपासता. मी वर आलो आणि वकिलीणबाईंना फोन केला की मी साक्ष देतो. ती म्हणाली, तुम्ही आलात तर फार उपयोग होईल, पण तुमच्या फाइलचं पुढे काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. मी म्हटलं, दोन वर्षं तिचं काहीच होत नाहीये, निदान काहीतरी होईल. ती हसली. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

तर तो मंगळवार. खोली आपल्या पंचायतीच्या खोलीपेक्षा फार मोठी नव्हती. माझं नाव पुकारलं, उभं राहायला सांगितलं, उजवा हात वर करून शपथ दिली. सरकारी वकील मुलगाच होता, सर्दी झालेला, सारखा नाक पुसत होता. त्यानं विचारलं, पत्ता न कळवायचं कोणाच्या डोक्यातून आलं? मी म्हटलं, माझ्या. हे विसरले नव्हते. मीच त्यांना कळवू नका म्हणून सांगितलं. तो कागदांवरून वर बघू लागला. का? मी म्हटलं, भीती वाटली. कशाची? मी खरं तेच सांगितलं, "या इमारतीची." न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि आज?" "आजही वाटते, मॅडम. पण गाडी लावली आणि वर आलो." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. दुभाषी माझं बोलणं मास्तरांना फ्रेंचमध्ये सांगत होता आणि मास्तरांनी मान खाली घातली होती. अंगठा आणि तर्जनी घासत होते.

दुपारी निकाल दिला. आश्रय मंजूर. मास्तरांना समजायला वेळ लागला, कारण दुभाषीच आधी रडायला लागला. पार्किंगमध्ये आल्यावर मी गाडीला टेकून उभा राहिलो. खूप भूक लागली होती. बायकोनं दिलेल्या डब्यातले मेथीचे ठेपले आम्ही तिथंच, शून्याखालच्या थंडीत उभ्यानं खाल्ले.

आता तुम्हाला जे सांगायचं आहे ते. मी तिसरीत होतो. तुम्ही केंद्रशाळेच्या सभेला गेला होतात. मामलेदार कचेरीतले एक साहेब सायकलवरून आले. हातात यादी होती. विहिरीवर मी एकटाच होतो. "शाळेत कोणी राहतं का रे?" त्यांनी विचारलं. सरपंचांचं बोलणं माझ्या कानात होतं. मला वाटलं, हो म्हटलं तर गुरुजींची नोकरी जाईल. मी म्हटलं, "नाही साहेब, कोणी राहत नाही." माणसं मजुरीला गेलेली, खोलीला बाहेरून कडी. साहेबांनी यादीवर काट मारली आणि निघून गेले. त्या महिन्याचं धान्य आलंच नाही. तुम्ही उन्हातून दोनदा तालुक्याला चालत जाऊन नावं परत घालून आणलीत, तोवर दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात त्या खोलीत चूल किती वेळा पेटली, ते मी व्हरांड्यातल्या बाकावरून बघत होतो. तुम्ही वर्गात विचारलंत, "साहेबांशी कोण बोललं? उभं राहा." कोणी उभं राहिलं नाही. तुम्ही एकेकाचा चेहरा बघितलात, माझ्यावर जरा जास्त थांबलात, आणि फळ्याकडे वळलात.

सातवी झाल्यावर तुम्ही मला तुमचं पितळी फुलपात्र दिलंत. मला आजही ठरवता येत नाही की तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं. मी त्यातून कधी पाणी प्यायलो नाही. देव्हाऱ्यात ठेवलं, म्हणजे प्यायला नको. मास्तर रोज त्यातूनच पितात.

मागच्या आठवड्यात मी त्यांना मदतीच्या कचेरीत घेऊन गेलो. काही महिने भत्ता, दवाखान्याचं कार्ड आणि इंग्रजीचा वर्ग मिळणार आहे. तिथल्या बाईनं पत्ता टिपून घेतला आणि विचारलं, यांचं नाव पत्रपेटीवर आहे ना? नसेल तर टपालवाला परत नेतो. मी म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत असेल. येताना हार्डवेअरच्या दुकानातून चिकटवायची अक्षरं घेतली. नाव लांबलचक आहे, माझ्या नावाखाली जेमतेम बसलं. मास्तर मागे उभे राहून बघत होते. एक अक्षर तिरकं लागलंय म्हणाले, म्हणून ते नखानं काढून पुन्हा लावलं.

माझं नागरिकत्वाचं पत्र अजून आलेलं नाही. त्यांची तीन आली. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, हे पत्र मी पाठवू तरी कुठे, घडी करून फुलपात्राखाली ठेवीन. पण आता सायकलवरून कोणी साहेब आले आणि इथं कोण राहतं विचारू लागले, तर त्यांना विहिरीवर कोणाला गाठायची गरज नाही. रस्त्यावरूनच वाचता येतं.