ओल्या पंच्याखाली

२१ सप्टेंबर, रविवार

पितरं दुपारी जेवून गेली आणि संध्याकाळी नातवाने आम्हाला तुरुंग दाखवायला नेलं. खीर-वडे खाऊन तुरुंग. इंग्रजांच्या वेळचा आहे, आता चुना काढून तिकीट लावलंय. बेड्या भिंतीला साखळीने बांधून ठेवल्यात, लोक चोरतात म्हणून. म्हणजे बेड्यासुद्धा कैदेत. मी हसले तर गाईड माझ्याकडे बघायला लागला.

मधल्या चौकात टिकटी. तीन जाड लाकडं वर एकत्र जोडलेली. तिला प्लास्टरचा उघडा माणूस हात वर, पाय फाकवून बांधलाय. फटके मारायचे ते असं बांधून. पोरं शेजारी उभी राहून फोटो काढत होती. नातूही उभा राहिला, हात वर केले. "रूपाली, काढ फोटो." तिने काढला, फोटोत नुसती भिंत आली. तो नुसता मान हलवून हसला.

नातू गाईडला सांगत होता, "अमारा परदादा जेलमां साहेब हता." साहेब. मी पाणी प्यायले.

लिहिणारी रूपालीच, नातसून. मला अक्षर येत नाही आणि तिला मनातलं बोलता येत नाही, असं आमचं जमलंय. साडीच्या दुकानाने दिलेली डायरी आहे, कोरी का ठेवायची. नवऱ्याचं नाव नितीन असं पूर्ण लिहीत नाही, नि. लिहिते. म्हटलं, अर्धाच नवरा आहे का गं तुला? हसली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. खाली सोसायटीत गरब्याचे भोंगे बांधताहेत.

काल राहिलेलं आज सांगून टाकते. माझे सासरे साहेब नव्हते, कैदी होते. शेताच्या बांधावरून चुलतभावाचं डोकं कुदळीने फोडलं. जन्मठेप. खानदेशातल्या मोठ्या तुरुंगात गेले. गळ्यात नंबरचा बिल्ला, पायात बेडी, दिवसभर चक्की. दळण कमी भरलं की हातकड्या वर खुंटीला अडकवून उभं करायचे. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या कोठडीतल्याने स्वतःची जीभ चावून तोडली, ते आम्हाला जेवताना सांगायचे. भाकरी मोडत. आम्ही सुना पाटवड्या वाढायचो आणि ते जीभ सांगायचे.

नीट वागले म्हणून वॉर्डर केलं. मग फटकेवाला. तिथे फटके मारायला बाहेरचा माणूस आणत नसत, कैद्यांतलाच एक निवडत. मारले की शिक्षेत माफी मिळायची. पोत्यात भुसा भरून त्यावर हात बसवायचे, वेताला तेल पाजायचे. फटका मारायचा, मग थांबायचं. डॉक्टर जवळ येऊन नाडी बघणार, मान हलवणार, मग पुढचा. आणि कातडी फाटून सडू नये म्हणून औषधाच्या पाण्यातलं फडकं कुल्ल्यांवर टाकत. त्याच्यावरून मारायचं.

सातपुड्यातला एक भिल्ल होता, चक्कीला हात लावेना. त्याला बांधला. तो ओरडेना. सासरे म्हणायचे, ओरडणाऱ्याला मारणं सोपं असतं. अर्ध्यात त्याचे पाय गेले, मनगटांवर लोंबायला लागला, मुतला, तरी आवाज नाही. सोडल्यावर वळून सासऱ्यांच्या तोंडावर थुंकला. पुढे तापाने गेला. सासऱ्यांना माफी मिळाली.

रूपालीने पेन ठेवलं. म्हटलं, काय झालं? "काही नाही आजी. हात दुखतो." एवढ्यात? मी तर अजून घरापर्यंत पण आले नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. म्हटलं, बस की, काय पेट्रोल पंपावर आलीस का. म्हणते, कंबर अवघडली. रविवारी तुरुंगातही बाकावर बसली नव्हती. माझ्या लक्षात आहे.

गॅलरीत नि.चा पंचा वाळत घातलाय. ओला पिळलेला. दुपारी चारला. नि. सकाळी आंघोळ करून कारखान्यात गेला, तो यंत्रमागांवर मास्तर आहे, दुपारी मी निजले की जेवून जातो. सकाळचा पंचा दहालाच वाळतो.

लिही, म्हटलं. पंचा ओला होता असं लिही.

लिहिलं तिने.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हे माझं आहे, तुझं नाही, म्हणून घाबरू नको, असं तिला सांगून सुरू केलं.

सासरे सुटून घरी आले ते तो ओला फडका घेऊनच. तिथे औषध म्हणून होता, इथे पडदा झाला. ओल्या पंच्यावरून मारलं की वळ उठत नाही. आतलं मांस काळं पडतं, वरून बाई गोरी. सासूबाईंना तसंच. मग माझ्या नवऱ्याने उचललं. आम्ही गुजरातेत उधन्याला आलो, पत्र्याच्या चाळीत, बायका नळावर एकमेकींसमोर आंघोळी करायच्या. माझ्या अंगावर कधी काही दिसलं नाही. शेजारीण म्हणायची, सकूबाईचं नशीब, नवरा हात लावत नाही. मी म्हणायचे, हो ना, भलताच लाजरा आहे.

तोंडात पदराचा बोळा. पालथं झोपायचं. एक मारायचा आणि थांबायचा. ते थांबणंच खरं. पुढचा कधी येईल ते अंगाला कळत नाही, अंग आधीच ओरडतं. एकदा त्या थांबण्यात माझं पोट सुटलं. त्याने पाणी टाकलं, पुसून घेतलं, पंचा पुन्हा पिळून टाकला, आणि उरलेले पुरे केले. पुढच्या महिन्यात पोटातलं गेलं, पाच महिने भरले होते. मुलगी होती असं सुईण म्हणाली.

सासरे आणि नवरा दोघांचं एकच वाक्य. मी रागाने मारत नाही, नियमाने मारतो.

रूपाली लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "हेच म्हणतात."

कोण, असं मी विचारलं नाही. तिनेही ते वाक्य लिहिलं नव्हतं, मी लिहायला लावलं.

२८ सप्टेंबर, रविवार

नि. सकाळी लोचो घेऊन आला, तो डाळीचा वाफवलेला. माझ्यासाठी बिनमिरचीचा वेगळा बांधून आणतो, विसरत नाही. खाता खाता म्हटलं,

"नित्या, बायकोला मारतोस का रे?"

"काय आजी, सकाळी सकाळी."

"मग दुपारी विचारू?"

हसला. "अंगावर एक खूण दाखव तिच्या. एक."

"खूण नाही म्हणून तर मला कळलं. हे आपल्या घरातच शिकवतात."

लोचो खाली ठेवला. "तिने मार्केटमध्ये साड्यांना लेस लावायचं काम धरलं, मला न विचारता. शेठशी फोनवर हसून बोलते. मी आरडाओरडा केला का? शिवी दिली का? दादा शिकवून गेले, रागात हात उचलायचा नाही. शांत व्हायचं, सांगायचं काय चुकलं, मग..."

"मग मोजायचं."

"तू चटणी घे," म्हणाला.

दादा म्हणजे माझा नवरा. मरून इतकी वर्षं झाली आणि अजून कामावर आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

रूपालीने आज सांगितलं. मागच्या आठवड्यात ती एकटी दवाखान्यात आणि तिथून पोलिस चौकीत जाऊन आली. डॉक्टरने लिहिलं, बाहेरून जखम नाही. चौकीतली बाई चांगली होती, पाणी दिलं, म्हणाली, "निशान तो कोई छे नहीं बेन. घरमां कोईए जोयुं छे?" घरात कुणी पाहिलंय का.

घरात मीच आहे. नि.चे आईबाप अमळनेरला शेतावर.

"आजी, तुम्ही पाहिलं नाही. मला माहीत आहे. मी मागत नाही."

माझ्याकडे न बघता म्हणाली. पोरगी हुशार आहे. न मागता मागते.

३० सप्टेंबर, मंगळवार. आज १ ला सकाळी लिहितो आहोत

खाली अष्टमीची आरती, भोंगे असे की भांडी हलतात. नि. घरी आला, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, मला विचारलं गोळी घेतली का. मग मोरीत पंचा भिजवण्याचा आवाज. रूपाली खोलीत गेली. स्वतःहून गेली, हे लिही. ओढत नेलं नाही. टिकटीपर्यंत सगळे स्वतःच चालत जायचे, सासरे सांगायचे.

दार लागलं. गरब्याच्या आवाजातही मला ऐकू आलं. आवाज एवढासाच, ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा. मग काही नाही. मग काही नाही. मग पुन्हा. माझ्या मांड्या आपोआप आवळल्या. इतक्या वर्षांनी. अंगाला अक्कल नसते.

उठले, काठी घेतली, दार ढकललं. कडी लागली नव्हती, या घरात कोण येणार. रूपाली पालथी, परकर वर, पंचा पसरलेला, तोंडात ओढणी. नि.च्या हातात मागावरचा चामड्याचा पट्टा. कपाळावर घाम पण नाही. मी पलंगावर तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, मलाही मोज.

तो थांबला. पट्टा खुंटीला लावला. मला वाटलं झालं.

मग त्याने मला उचललं. हळूच, पोर उचलतात तसं, एक हात गुडघ्यांखाली. बाहेर खुर्चीत ठेवलं. पाठीमागे उशी दिली. पाय थंड लागले म्हणून चादर टाकली. म्हणाला, "आठे बठ वं माय. झालंच." इथे बस, म्हणे. आत गेला, या वेळी कडी लावली, आणि राहिलेले पुरे केले.

मी चादरीत बसून ऐकले.

सकाळी तिच्याकडून हे लिहून घेताना मीच दोनदा थांबले. ती नाही थांबली.

१ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळ

खंडेनवमी. आमच्याकडे हत्यारांच्या पूजेत धोटा, पाना, कात्री आणि सासऱ्यांचा वेत. अजून आहे, तेल पाजून काळा झालेला. कारखान्यातले दोन जण आले होते, नि. त्यांना साहेब पणजोबांचं सांगत होता. वेताला हळदकुंकू घरातल्या मोठ्या बाईने लावायचं.

मी म्हटलं, हा कैद्याचा आहे. खुनी होता. कैद्यांना मारून माफी मिळवायचा.

दोघे नि.कडे बघायला लागले. तो म्हणाला, "आजी आता काहीही बोलते." त्याने स्वतः कुंकू लावलं. मग त्यांना पेढे दिले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. फाफडा-जिलेबी. नि. आपट्याचं पान देऊन पाया पडला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोक्याचा मागचा भाग अजून चपटा आहे. लहानपणी मीच त्याला सारखं उताणं निजवलं होतं.

झोप येईना. चौकीत सांगितलं तर ते त्याला आत टाकतील. हे लोकांना वाटतं शिक्षा. आमच्या घरात तुरुंग एकदा येऊन गेलाय. सासरे आत गेले तेव्हा तापट होते, एकदा कुदळ उचलली आणि आयुष्यभर रडायला मोकळे. आले तेव्हा राग उरला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, रागीट होता तेव्हा मी त्याला समजावायचे तरी. तुरुंगाने त्यांना शांत करून पाठवलं आणि ती शांती आम्ही तीन पिढ्या पालथ्या पडून खाल्ली.

आता याला पाठवायचं. काय होऊन येईल?

आणि नाही पाठवलं तर रूपाली. तिला लघवीतून रक्त जातंय. ते तिने आज सांगितलं, जिलेबीचं ताट घासता घासता, मीठ संपलंय सांगावं तसं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकीच्या बाकावर बसून लिहितो आहोत. मी बसले, ती उभी आहे, डायरी भिंतीला टेकवून. निघताना मी नि.ला फोनवर म्हटलं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातोय. "रिक्षाने जा, आजी, बसने नको," म्हणाला.

तीच बाई आहे. मी सगळं सांगितलं. टिकटी, फडका, थांबणं, पंचा, उचलून खुर्चीत ठेवणं. ती लिहीत गेली. एका जागी थांबून म्हणाली, "बा, धीरे." गुजरातीत लिहिलंय. रूपालीने अडखळत मला वाचून दाखवलं. चादर राहिली होती, ती घालायला लावली. त्याने चादर टाकली, हे हवंच.

मग बाई म्हणाली, "छोकरो अंदर जशे, खबर छे ने, बा?"

म्हटलं, पोरगा आत जाणार, खबर आहे. तुमच्याकडे अजून फटके मारतात का?

"ना रे, बा. हवे एवुं कशुं नथी."

आता तसं काही नाही म्हणते. मग काय करतात आत?

तिने पेनाला टोपण लावलं. खरंच विचार करत होती, उडवून नाही लावलं. मग म्हणाली, साहेबांना विचारून येते, आणि कागद टेबलावर ठेवून आत गेली.

शाईची डबी उघडी आहे. अंगठा मी बुडवून ठेवलाय, वर धरलाय, कुठे लागू नये म्हणून. रूपालीचा फोन वाजतोय. नि. आहे. पुन्हा वाजतोय. ती बघते, उचलत नाही, माझ्याकडे बघते.

"आजी, पुढे काय लिहू?"

थांब, म्हटलं. बाई येऊ दे.