शेंडे, पांढरे दोरे आणि थोंगदी काकांची म्हैस

बान नोंगखाम,
२१ ऑगस्ट, बुद्धवर्ष २५६५

विचियन दादा,

जेवलास का? आमचं आत्ताच झालं. चिकट भात, भाजलेला मासा आणि आईने कुटलेली मिरची. मिरची इतकी तिखट की अजून नाक गळतंय, त्यामुळे कागदावर डाग दिसला तर मी रडले असं समजू नकोस.

आई गुडघे सोडून बाकी सगळीकडून ठणठणीत आहे. तुझ्या मालकाच्या बागेतला ड्युरियन फळांचा हंगाम आता संपला असेल. म्हणून तिचा निरोप कळवते, तिच्याच शब्दांत: "त्याला लिही, नोव्हेंबरच्या शेवटी आपल्या गांजाची कापणी आहे. घर सोडून अकरा वर्षं झाली, आता एकदा हा जिना चढ म्हणावं. मी मेल्यावर चढायचं असेल तर तेव्हा मी चहा देणार नाही."

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी तुझ्याशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. त्यात तुझा दोष नाही.

तर गांजाची बातमी. आपल्या गावातल्या अकरा बायकांच्या गटाला परवाना मिळाला. तळ्यापलीकडच्या तुकड्यात अठ्ठेचाळीस झाडं आहेत. तालुक्याच्या इस्पितळाचा औषधी विभाग फुलं घेणार, अट एकच: फुलात बुरशी नको. बुरशी निघाली तर पुढच्या वर्षी परवाना नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि कधीकाळी कृषी महाविद्यालयात शिकले, एवढ्या भांडवलावर बायकांनी मला प्रमुख केलं. आईने स्वतःला माझी प्रमुख केलं.

मोकळं सोडलं तर हे झाड देवळाच्या कळसासारखं सरळ वर जातं. टोकाला एक भलंमोठं फूल, खाली नुसती सावली आणि दमट हवा. त्या मोठ्या फुलातच बुरशी बसते. म्हणून पाचव्या पेरावर शेंडा खुडायचा. मग दोन शेंडे फुटतात. फांद्या हळूहळू आडव्या ओढून खुंटीला बांधायच्या, म्हणजे ऊन आणि वारा सगळ्यांना सारखा. हे मी फळ्यावर काढून दाखवलं.

गटातली बुन्ला मावशी म्हणाली, "शेंडा म्हणजे डोकंच ना गं?"

"तसं म्हटलं तर हो."

"म्हणजे जिवंत जिवाचं डोकं खुडायचं, आणि वर त्याला वाकवून जमिनीला टेकवायचं? बाईसाहेब, तुझं डोकं खुडलं तर दोन फुटतील का?"

आई म्हणाली, "नको गं बाई! एकच डोकं दिवसभर शिकवतं मला."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने झाडापुढे हात जोडले, माफी मागितली आणि मगच नखाने शेंडा खुडला. वेळ लागला, पण काम सुबक झालं. मी म्हटलं, आता फांद्या बांधायला कुठलाही मऊ दोरा आणा, तार नको. इथे माझी चूक झाली. 'कुठलाही' म्हणायला नको होतं.

सकाळी जाऊन बघते तर अठ्ठेचाळीसही झाडांना पांढरं सूत! तू निघालास तेव्हा आईने तुझ्या मनगटाला बांधलं होतं, तेच. बायकांनी उकडलेलं अंडं, भाताचा गोळा आणि घोटभर दारू ठेवून, डोकं गेल्यामुळे घाबरून पळालेले झाडांचे जीव रीतसर हाका मारून परत बोलावले होते. अंडं आईने नंतर खाल्लं. दारूचं कोणी कबूल करत नाही.

मला हसू आलं, आणि आपण हसतोय याची लाजही वाटली. झाडं मात्र छान पसरली आहेत. येशील ना बघायला?

नोई

*

१८ सप्टेंबर

दादा,

आईकडून तुझा निरोप मिळाला: "नोईला सांग, दोरा आणि फांदीच्या मध्ये करंगळी गेली पाहिजे." कापणीला येणार की नाही त्याबद्दल एक अक्षर नाही, पण करंगळीबद्दल पूर्ण वाक्य. आई दोन दिवस ते वाक्य गावभर सांगत फिरली.

निरोप बरोबर होता, पण उशिरा आला. पावसानंतर फांद्या भराभर जाड झाल्या आणि सूत सालीत रुतलं. दोन झाडांची पानं पिवळी पडायला लागली. मी म्हटलं, कात्री आणा, जुने दोरे कापू आणि नवे सैल बांधू. एकीनेही हात पुढे केला नाही.

"बोलावलेल्या जिवाचा दोरा कात्रीने कापतात का कधी?" बुन्ला मावशी म्हणाली. "कात्री लागली की गेलाच तो. मग बस तू पानं मोजत."

दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी एकटी कात्री घेऊन गेले. दादा, मी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. पण कात्री लावण्याआधी मीही झाडाची माफी मागितली. एकच दोरा कापला आणि मागे वळले तर आई उभी. ती कात्रीकडे बघत होती. मी कात्री खिशात घातली.

सोडवलं थोंगदी काकांच्या चानपेनने. (हो, ती आमच्या गटात आहे. तू आईला कधी विचारत नाहीस, म्हणून मी आपणहून सांगते. तिने निळीत रंगवलेली कापडं आता शहरात विकायला जातात. लग्न केलं नाही. आई खोदून विचारते तेव्हा म्हणते, "मावशी, निळीचा रांजण रोज ढवळावा लागतो, नवऱ्याला कधी ढवळू?")

ती म्हणाली, "कापायचं नाही ना? मग सोडू या. हाताने सोडलेल्या गाठीला कोणाचीच हरकत नसते."

एका झाडाला आठ गाठी. म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी, त्यातली मी कापलेली एक वजा. सगळ्या ओल्या, घट्ट, सालीत बसलेल्या. अकरा जणी बांबूचे काटे घेऊन चार दिवस बसलो. इतक्या चहाड्या आणि इतकं हसणं मी गेल्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. चानपेनने हात लावलेल्या प्रत्येक दोऱ्यावर तिच्या नखांची नीळ उतरली होती. आता सुताऐवजी तिच्या निळ्या कापडाच्या मऊ पट्ट्या बांधल्या आहेत. गाठ तिने शिकवली, एका ओढीत सुटणारी. मी विचारलं, ही कुठे शिकलीस? ती म्हणाली, "तुमच्या परसात. वालाच्या मांडवाखाली."

म्हणजे तुझी ती गांजाची चौदा झाडं. जमिनीलगत चटईसारखी पसरवलेली, वरून वालाचा वेल, शेजाऱ्यालाही पत्ता नाही. आज मी जे फळ्यावर शिकवते ते तू तेव्हा अंगठ्याने करत होतास. त्या झाडांचं पुढे काय झालं ते तुला ठाऊकच आहे.

ठाऊक आहे, असं तुला वाटतं.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. थोंगदी काकांची म्हैस अजून आहे. म्हातारी झाली, एक शिंग तुटलं, पण चालते ऐटीत. ती तुकड्याच्या कुंपणाशी आली की बायका ओरडतात, "आली गं, गांजेकस आली! विचियनची झाडं फस्त करणारी आली!" परवा खुडलेल्या पानांची टोपली बाहेर राहिली होती. म्हैस आली. टोपलीत तोंड घातलं. सगळ्या श्वास रोखून बसल्या. तिने हुंगलं, अशी शिंकली की पानं उडाली, आणि शेजारचं गवत खायला निघून गेली.

सगळ्या पोट धरून हसल्या. चानपेन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

उरलेलं पुढच्या पत्रात. आत्ता वह्या तपासायच्या आहेत. (वह्या कालच तपासून झाल्या. पण हे वाक्य खोडत नाही.)

नोई

*

२३ ऑक्टोबर

दादा,

आज जेवणाखाण्याचं विचारत नाही. आधी लिहून टाकते.

म्हैस निर्दोष आहे. तुझी झाडं मी उपटली.

त्या आठवड्यात शाळेत माझी नोकरी कायम होणार होती आणि शेजारच्या गावात पोलिसांची धाड पडली होती. मी तुला विचारू शकले असते, भांडू शकले असते. तू दोन शिव्या दिल्या असत्यास आणि झाडं दुसरीकडे नेली असतीस. मी पहाटे उठले, चौदाच्या चौदा उपटली आणि दगड बांधून तळ्यात सोडली. सकाळी चिखलात म्हशीचे खूर उमटलेले दिसले. आई ओरडली, "म्हैस!" मी फक्त गप्प राहिले. पुढचं सगळं त्या गप्प राहण्याने केलं. तू काकांच्या जिन्याखाली जाऊन भांडलास, काका म्हणाले चोरून गांजा लावणाऱ्याला मी पोरगी देणार नाही, आणि नवव्या दिवशी तू बसमध्ये होतास.

मी वीस वर्षं डायरी लिहिते आणि तिच्याशी प्रामाणिक असल्याचा मला अभिमान आहे. त्या दिवशीचं पान काढून बघितलं. लिहिलंय: 'म्हशीने दादाची झाडं खाल्ली.' जी वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तिच्यातही.

तुला लिहिण्याआधी काकांकडे जावं असं वाटलं. की तुला लिहिणं लांबवायला गेले? दोन्ही खरं असावं. केळीच्या पानात पाच फुलं आणि पाच मेणबत्त्या घेऊन, रीतीप्रमाणे माफी मागायला गेले. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर टोपली विणत होते. गुडघे टेकले आणि सांगितलं.

"कोणी उपटली?" त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. मला ते तीनदा म्हणावं लागलं, शेवटी ओरडून. त्यामुळे आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

काकांनी घराखाली बांधलेल्या म्हशीकडे बघितलं. "अकरा वर्षं हिला चोरटी म्हणतोय मी. आणि ही एका शब्दाने बोलली नाही."

"म्हैस काय बोलणार, बाबा?" वरून चानपेन म्हणाली.

"मग माझ्याकडे काय आलीस?" काका मला म्हणाले. "ज्याचं त्याला दे. तिची माग माफी."

मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. मी केळीचं पान घेऊन म्हशीपुढे गुडघे टेकले आणि हात जोडले. तिने पाचही फुलं खाल्ली, पान खाल्लं, एक मेणबत्ती चघळून माझ्या मांडीवर थुंकली. काका इतके हसले की टोपली हातातून पडली. "झालं," म्हणाले, "तिने घेतली." मग हसणं थांबवून डोळे पुसले. "मी त्या पोराला चोर म्हणालो. आज त्याच झाडाला सरकारी शिक्का आहे. त्याला लिही, मी याच पायरीवर असतो. आणि येताना ड्युरियन आणायला सांग. वासामुळे बसमध्ये घेत नसतील तर टपावर ठेव म्हणावं."

चानपेन मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, तुला कधी कळलं?

"दुसऱ्याच दिवशी. मी तळ्यावर सूत धुवायला गेले होते. एक झाड दगडातून सुटून वर आलं होतं, मुळासकट. म्हैस दगड बांधत नाही, नोई."

"मग सांगितलं का नाहीस? त्याला तरी?"

"तो माझं ऐकायला थांबला कुठे! आणि तुझी गाठ मी कशी कापू? तू सोडशील म्हणून वाट बघत होते." मग म्हणाली, "जरा जास्तच घट्ट बांधली होतीस."

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि मग ताटात जास्तीचा मासा वाढला.

झाडं सांगते, मग थांबते. इस्पितळाच्या तपासणीसबाई मंगळवारी येऊन गेल्या. फुलं सगळीकडे एका उंचीवर, मुठीएवढी, बुरशीचा ठिपकाही नाही. मी ज्याचा दोरा कात्रीने कापला होता, तेही झाड बरं आहे. बुन्ला मावशी म्हणते तिने रात्री जाऊन त्याला पुन्हा हाक मारली होती. बाईंनी विचारलं, ही गाठ मारायची पद्धत कोणाची? अकरा जणींनी एका आवाजात तुझं नाव सांगितलं.

कापणी २६ नोव्हेंबरला सुरू होते. तू आला नाहीस तर या वेळी कारण मला माहीत असेल आणि ते बरोबर असेल. पण रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव, गावावर नको, आणि चानपेनवर तर नकोच. शक्य असेल तर इथे येऊन रागाव. पाठ मोकळी ठेवली आहे.

सोबत एक पांढरा दोरा आहे. आठ नंबरच्या झाडाचा. तो सोडायला मला पाऊण तास लागला, नख तुटलं, आणि त्याच्यावरची नीळ शेजारच्या गाठीवरून मदतीला आलेल्या चानपेनच्या हाताची आहे. बघून घे, कुठेही कापलेला नाही.

जिला अकरा वर्षं एका म्हशीने सांभाळून घेतलं ती,
तुझी धाकटी बहीण
नोई