तुझ्या पट्टीतलं गाणं

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नव्या आजीबाईंना सादर नमस्कार. छोटीचा फोटो पाहिला. नाक आपल्या घराण्याचं आहे, त्याला इलाज नाही. बाकी सगळं जावयावर गेलंय, हे तिचं नशीब. लेकीला म्हणावं, मावशी रोज आठवण काढते.

फोन नको, बाळ दचकतं, त्यापेक्षा सविस्तर मेल पाठव, असं तू म्हणालीस. मला तर ते बरंच झालं. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. लिहिताना निदान मधे कोणी तोडत नाही.

तर खबरबात. फेब्रुवारी लागला आणि सगळ्या दुकानदारांना एकाच वेळी प्रेम सुचलं. ज्याला त्याला आपल्या दुकानात गाणी हवीत. काल आपल्या गाण्याच्या मंडळींचा या महिन्यातला पहिला कार्यक्रम बेकरीत झाला. बेकरीवाल्याने काउंटर भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या आणि छताला लाल फुगे बांधले होते. भट्टीच्या उबेने त्यातला एखादा मधूनच फुटायचा. आपला डेंटिस्ट त्याच्या लाकडी खोक्यावर बसून तोच खोका वाजवत होता. प्रत्येक फुग्याला तो एक जादा थाप द्यायचा, जणू फुगाही तालीम करून आलाय. पुढच्या टेबलावर एक भांडलेलं जोडपं होतं. एकच केक मागवून, मधोमध कापून, दोघं आपापली हद्द राखून बसलेली. शेवटच्या गाण्यापर्यंत हद्द पुसली गेली होती. केकही.

तुझ्या जागी (म्हणजे तू येईपर्यंत) आलेले गणिताचे सर छान गातात. आवाज खर्जातला, माणूस गमत्या. "सूर लागला नाही तर शून्य धरा आणि पुढे चला," म्हणतात.

एक गोंधळ झाला. आपलं जिन्याचं गाणं सरांच्या पट्टीत सुरू करायचं ठरलं होतं, काळी एकमध्ये. पण शब्द डेंटिस्टचे आणि चाल तुझी असं हे गाणं जन्मल्यापासून मी अ‍ॅकॉर्डियनवर तुझ्यासाठी काळी पाचातच वाजवत आलेय. हात आपसूक तिथे गेले. सर बिचारे कात्रीत सापडले. वर जावं तर घसा फाटणार, खाली यावं तर आवाज तळघरात. कशीबशी वेळ निभावली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझी झाडं जिवंत आहेत. एक सोडून. पण ते तू होतीस तेव्हाच आचके देत होतं. आमच्या घरी नवऱ्याने स्पीकर उचलून कंबर धरलीय आणि कण्हताना तोही चक्क सुरात कण्हतोय.

सगळ्यांना जपून राहा म्हणावं.

तुझी,
धाकटी


७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

छोटीचं पोटाचं दुखणं थांबलं हे वाचून बरं वाटलं. तिला मांडीवर पालथं घेऊन पाठीवर हलके थोपटत जा, असं इथे प्रत्येक जण सांगतोय. त्यात डेंटिस्टही आहे. ज्याला अजून एकही दात नाही अशा माणसाबद्दल त्याचं मत मी घेत नाही.

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळींचं. मी पानभर लिहायचं आणि तू दोन ओळींत माझी उलटतपासणी घ्यायचीस! पहिली ओळ: "मग गायलं कोण?"

मी गायले.

मागच्या पत्रात मी "वेळ निभावली गेली" असं लिहिलं होतं. कर्ता गाळून. आमच्या विमा कचेरीत अशी वाक्यं मी रोज लाल पेनने अधोरेखित करते. "काच फुटली." अहो, फोडली कोणी? आणि स्वतःवर वेळ आली तर मीही तेच केलं.

झालं असं, की सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खरं तर मी थांबून पट्टी बदलायला हवी होती. पण त्या पट्टीत ते गाणं कसं म्हणायचं हे ठाऊक असलेलं तिथे एकच माणूस होतं. इतकी वर्षं तुझ्या मागे बसून मी ओठांतल्या ओठांत ते म्हणतच असते. फक्त आवाज सोडायचा होता. सोडला. सर बाजूला सरकून चुटक्या वाजवत उभे राहिले. नंतर म्हणाले, "मॅडम, इतके दिवस हे उत्तर वहीच्या मागच्या पानावर का ठेवलं होतं?"

काल सलूनमध्ये कार्यक्रम होता. केस कापायच्या खुर्च्या लोकांकडे तोंड करून फिरवल्या होत्या. ज्यांना त्या मिळाल्या ते राजासारखे बसले होते. सलूनवालीने आल्या-आल्या माझ्या केसांकडे बघून "कार्यक्रमाआधी दोन मिनिटं देता का?" असं इतक्या कळवळ्याने विचारलं, की मी दिली. तिथेही जिन्याच्या गाण्याला तीच चूक पुन्हा झाली. तीच पट्टी. हाताची सवय म्हणतात ती हीच.

तुझी दुसरी ओळ: "चौदाला मी येतेय. जिन्याचं गाणं सरांना देऊ नका."

वाचली. चौदाचा कार्यक्रम पुस्तकांच्या दुकानात आहे, तिथल्या पुस्तकवालीला कळवलं. तिने दुकानाच्या वरची खोली झाडून घेतलीय आणि खिडकीत तुझा जुना फोटो लावलाय, निळ्या कोटातला.

बाकी ठीक.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

"बाकी ठीक" असं लिहून मेल पाठवला आणि तेव्हापासून बाकी काहीच ठीक नाही.

गेल्या वर्षी एका दुकानदाराचा दावा माझ्या टेबलावर आला होता. पाण्याची टाकी फुटून माल भिजला म्हणे. मी त्याला विचारलं, "टाकी फुटायच्या आधी तुम्ही चांगला माल वरच्या फळीवर का हलवलात?" त्याने दाव्याचे कागद परत मागितले. ताई, सलूनमध्ये जाताना मी सरांना वाटेतच सांगितलं होतं, "जिन्याच्या गाण्याला तुम्ही पाणी पिऊन घ्या." माझा चांगला माल मी आधीच वरच्या फळीवर ठेवला होता.

ती चूक नव्हती.

बेकरीतली होती, असं मी अजूनही म्हणते. सलूनमधली नव्हती. सामान आवरताना डेंटिस्ट जवळ आला आणि म्हणाला, "हाताला सवय असते, मान्य. पण मी बाजूलाच बसतो. तू पहिला सूर दाबायच्या आधीच तुझं तोंड उघडलं होतं."

मी म्हटलं, "तुला एवढं बारीक काय दिसतं?"

"अगं, तोंड कधी उघडलं हे बघण्यावरच माझं पोट आहे!"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कंबर शेकत होता. म्हणाला, "मला तर आंघोळीच्या वेळी रोजच ऐकू येतं. मला वाटलं, ताईंना माहीत असेल." म्हणजे बघ, बाथरूमच्या दाराबाहेरच्या माणसालाही कळलेली गोष्ट मी स्वतःपासून लपवत होते.

सलूनमध्ये चारी भिंतींना आरसे आहेत. गाताना मान खाली घालावी तरी एखाद्या आरशात मी होतेच. मागून, बाजूने, सगळीकडून. वाजवताना आपला चेहरा कसा असतो हे मी कधी पाहिलं नव्हतं, पण गाताना पाहिला. ताई, मी हसत होते. लोकांकडे बघून नव्हे, आपली आपणच. ती बाई मला आवडली. तिला पुन्हा मागच्या खुर्चीवर नेऊन बसवायचं माझ्या जिवावर आलंय.

आता विचारतेच. चौदाला तू ये. जरूर ये. पण जिन्याचं गाणं मला गाऊ दे. बाकीची सगळी तू म्हण, मी नेहमीसारखी साथ करेन. हे विचारताना मला चोरासारखं वाटतंय, कारण तू तिथे लंगोट बदलतेयस आणि मी इथे तुझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. पण हे तुझ्यापाठीमागे करण्यापेक्षा तोंडावर मागावं, एवढं मी ठरवलं. चाल तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर मी गाणार नाही. रुसणार नाही, असं वचन मात्र देत नाही.

उत्तर दे. एक ओळ चालेल.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला बसमध्ये बसवून आत्ताच घरी आले. पोचलीस की कळव. बसथांब्यावर तू बोललीस, मी मान डोलावली, बस सुटली. म्हणजे नेहमीचंच. म्हणून जे तोंडाने झालं नाही ते लिहिते.

कालचं तुला ठाऊकच आहे, पण ते खुर्च्यांच्या बाजूने. माझ्या बाजूने कसं होतं ते ऐक.

माझ्या प्रश्नाला तुझं उत्तर नाही. रोज मेल उघडून पाहते, तर काही नाही. काल पुस्तकवालीच्या खोलीत सगळे येऊन बसलेले, एकमेकांच्या खांद्यांना खांदे लागलेले. सरांनी पहिली दोन गाणी म्हणून घेतली. "ताईंची गाडी चुकली असेल," असं डेंटिस्ट म्हणतोय, तेवढ्यात दारात तू. तोच निळा कोट घालून! कार्यक्रमाचा कोट. मला वाटलं, हेच तुझं उत्तर. तू गायला आलीस.

तू मात्र दारालाच टेकून उभी राहिलीस. ना पुढे आलीस, ना हात केलास. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करायचं, सांग? मी गाणं सुरू केलं. काळी पाचात.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला वर जायचं आणि छातीत श्वासच नाही. बेकरीत नव्याच्या नवलाईत जमून गेलं होतं. सलूनमध्ये आरशांनी सांभाळलं होतं. काल तू समोर होतीस. अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडला की माझाही श्वास त्याच्याबरोबर आत जातो, आणि गाण्याला हवा असतो नेमका तेव्हाच बाहेर. आवाज चिरकला. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. आणि तू खुर्च्यांमधून वाट काढत पुढे यायला लागलीस.

मी मनात म्हटलं, संपलं. हौस फिटली. आता उठायचं.

"उतरव," तू म्हणालीस आणि माझ्या खांद्यावरचा पट्टा तूच काढलास. अ‍ॅकॉर्डियन स्वतःच्या गळ्यात अडकवलास. खुर्चीवर बसलीस. माझ्या खुर्चीवर! मग विचारलंस, "तुझी पट्टी कोणती?"

"काळी पाच."

"ती माझी. मी तुझी विचारतेय."

ताई, मला माहीत नव्हती. इतकी वर्षं वाजवतेय, कोणाची पट्टी कोणती हे झोपेतसुद्धा सांगेन, पण स्वतःची कधी शोधलीच नाही. तू सगळ्यांसमोर एकेक सूर दाबत खाली येत गेलीस. "आ म्हण. नाही. परत म्हण." डेंटिस्ट मागून, "मोठा आ करा, दुखणार नाही!" खोली हसून हसून लोळली. मीही हसले, आणि हसता हसता एका सुरावर आवाज असा बसला, जसा पाय मापाच्या चपलेत बसावा. पांढरी पाच.

"हां," तू म्हणालीस. "सापडली बाई."

त्या पट्टीत ते गाणं वेगळंच झालं, नाही? तुझ्या आवाजात दोघं जिना धावत चढतात. माझ्या आवाजात मधल्या पायरीवर बसून राहिली. पुढच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बायकोचा हात धरला, तिने तो सोडवून पर्समधून रुमाल काढला आणि हात परत दिला. मी हे बघत गात होते. मागच्या खुर्चीवरून मला नेहमी तुझी पाठ दिसायची.

आता तुझ्या साथीबद्दल. मी इतक्या वर्षांत तुझ्या मागे जेवढे सूर चुकले नसेन तेवढे तू एका कडव्यात चुकलीस. सर म्हणाले, "ताईंना काठावर पास करू." तूसुद्धा काही कमी नाहीस. टाळ्या चालू असताना कानाशी येऊन म्हणालीस, "दुसऱ्या कडव्यात 'कठडा' एवढा ओढू नकोस. चाल अजून माझी आहे."

नंतर सगळ्यांच्या गडबडीत आपण दोघी नीट बोललोच नाही. आणि सकाळी थांब्यावर तू म्हणालीस, "पुढच्या आठवड्यात फर्निचरच्या दुकानात मी गाणार आहे, लक्षात आहे ना?" मी मान डोलावली. बस वळली तेव्हा लक्षात आलं, की मी कशाला मान डोलावली ते मलाच ठाऊक नाही. तू पुन्हा सगळंच गाणार, याला?

म्हणून हे पत्र. तू गा. तुझ्याशिवाय त्या दुकानात खुर्च्या असतील, पण फक्त विक्रीच्या. पण निम्मी गाणी मी म्हणणार. तू गाशील तेव्हा मी वाजवेन, मी गाईन तेव्हा तू वाजव. तालीम कर, जावयाच्या घरी पेटी आहे. आणि जिन्याचं गाणं माझं. चाल तुझी, हे दर वेळी आधी सांगेन. 'कठडा' किती ओढायचा यावर हवं तेवढं भांडू. पण गाणार मी.

हे मी विचारत नाहीये, कळवतेय. तुला असं कधी काही लिहिलं नव्हतं. दोनदा वाचून पाहिलं, एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

छोटीला माझी पापी दे. आणि कोट इथेच विसरून गेलीयस. तो मी घालून पाहिला. खांद्यात बसत नाही. माझा मी वेगळा शिवून घेईन.

तुझी धाकटी,
पट्टी पांढरी पाच