पाहुणीच्या मागून

प्रिय वैशाली,

येतेस का म्हणून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू 'बघू' म्हणालीस. महापालिकेच्या शाळेत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण म्हाताऱ्या झालो. तुझ्या 'बघू'चा अर्थ मला कळत नसेल तर इतकी वर्षं मराठी काय शिकवलं मी? कळव्याला सुनेच्या राज्यात सुखी आहे म्हणतेस, पण गुडघ्याला तेल लावतेस की नाही हे मात्र सांगत नाहीस. असो. आज आमच्या मशिदीची सगळी हकीकत सांगते. पत्रात एक बरं असतं, मध्येच 'कुकर लागलाय' म्हणून तुला फोन ठेवता येत नाही.

उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी ठरवलं की महिन्यातून एका रविवारी मशीद सगळ्यांसाठी उघडी ठेवायची. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, कुणीही यावं, आत बसावं, मनात असेल ते विचारावं. इथली बांग अर्धं कल्याण रोज ऐकतं, पण आत काय चालतं ते फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलं की माणूस मनानेच काहीबाही रचतो. कल्पना मला फार आवडली. आमचे विश्वस्त कासमचाचा, ज्यांच्या होकाराशिवाय मशिदीतला पंखासुद्धा फिरत नाही, तेही राजी झाले. पैगंबरांनी स्वतःच्या मशिदीत परधर्माचे पाहुणे उतरवून घेतले होते, तिथे आपण कोण दार लावणारे, असं त्यांनीच जुम्म्याच्या दिवशी सगळ्यांना सुनावलं.

पाहुण्यांत बायकाही येणार होत्या. त्यांना कोण दाखवणार? माझ्या दिराचा मुलगा मुदस्सर या सगळ्याचा म्होरक्या. तो घरी आला आणि म्हणाला, "चाची, लेडीज लोकांना तुम्ही समजवा ना. आमचं मराठी ऐकून त्या हसतील." रोजा म्हणजे काय, जकात कशासाठी, हज कुणाला करावी लागते, हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. मी लगेच हो म्हटलं. तो जिना उतरून गेला, मी चहाचं आधण ठेवलं, आणि मग ध्यानात आलं की मशीद दाखवायला निघालेली ही बाई मशिदीत कधी गेलेलीच नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा मिनार दिसतो. घरातले सगळे पुरुष तिथे जाऊन येतात, मी घरी नमाज पढते. कुणी कधी 'येऊ नकोस' म्हटलं नव्हतं, आणि 'ये' असंही कुणी म्हटलं नव्हतं. तुला आठवतं? एकदा डबा खाताना तू विचारलं होतंस, "रुकय्या, तू कुठे बसतेस गं तिथे?" मी म्हटलं, मी घरीच. तू लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवलीस. त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की लोणचं खाल्लं नाही मी. प्रश्न मात्र घरी घेऊन आले, आणि तो अजून घरातच आहे.

म्हणून कासमचाचांकडे गेले. म्हटलं, ज्या घरात मी पाऊल टाकलं नाही ते पाहुण्यांना कसं दाखवू? दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आपल्यात बायका जात नाहीत गो, बाय." मी म्हटलं, अल्लाहच्या बंद्यांना, बायकांना, त्याच्या मशिदीपासून अडवू नका अशी पैगंबरांची हदीस आहे, ती काय कल्याणला लागू नाही? माणूस खोटा नाही, सवयीचा आहे. शेवटी म्हणाले, "पाहुण्यांबरोबर जा." म्हणजे परवानगी पाहुण्यांना होती, मी त्यांच्या पदराला बांधलेली. घेतली मी. मला आत जायचं होतं, वैशाली. आयुष्यात इतकं कशासाठी अडून बसले नव्हते.

रविवारी बायका आल्या. कोपरीच्या विमलाबाई, मूळच्या राजापूरच्या, नातीला घेऊन आल्या होत्या. नात संचिता कॉलेजात शिकते. मी उजवा पाय आधी टाकून आत गेले आणि पाठोपाठ त्या सगळ्यांनी आपापला उजवा पाय टाकला, मला न विचारता. आत गारवा होता. विमलाबाईंनी समोर पाहिलं आणि विचारलं, "इथे ठेवलंय काय?" मी सांगितलं, काही नाही, ती मक्केची दिशा आहे. मूर्ती नाही, तसबीर नाही. पहिली रांग कुणाची? जो आधी येईल त्याची, मग तो रिक्षावाला असो नाहीतर डॉक्टर. संचिताचे प्रश्न टोकदार होते, बुरख्यापासून तलाकपर्यंत. मला राग आला नाही. सातवीच्या वर्गांनी याहून वाईट विचारलंय. जे ठाऊक होतं ते सांगितलं, आमच्यात जे चुकतं तेही सांगितलं, आणि जिथे येत नव्हतं तिथे 'येत नाही' म्हटलं.

मग असरची, दुपारनंतरच्या नमाजेची, बांग झाली. पाहुण्यांनी नमाज बघावी म्हणून मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पुरुषांच्या रांगा लागल्या, आणि मी पाहुण्यांबरोबर खुर्चीत बसले. माझीच नमाज, आणि मी प्रेक्षक. विमलाबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही नाही का जात?" मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, स्वतःची खुर्ची उचलून बाजूला केली आणि म्हणाल्या, "आम्ही काय, बघतोच आहोत. तुम्ही उरकून घ्या. जागा आहे की." देवळात गर्दी झाली की बायका एकमेकींना जागा करून देतात ना, अगदी तशा सहज. वुजू, नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं, मी घरूनच करून निघाले होते. खुर्च्यांच्या मागे, उघड्या लादीवर उभी राहिले. सजद्यात कपाळ टेकवलं तेव्हा रडू आलं. मला लाज वाटली नाही, आनंदच झाला.

नमाजेनंतर कासमचाचा वळले आणि त्यांना मी दिसले. पुढे पाहुण्यांना तांदळाची गोड सांदणं वाटली; विमलाबाई म्हणाल्या, ही तर आमच्याकडची, आणि कृती सांगत बसल्या. माझा जीव मात्र टांगणीला. दुसऱ्या दिवशी मुदस्सर निरोप घेऊन आला: पुढच्या वेळी खुर्च्यांच्या मागे चटई टाका, लादी गार असते.

चटईची बातमी मोहल्ल्यात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाला माझी जाऊ हाजरा म्हणाली, मी पाणी द्यायला येते. तिची सून चपला सांभाळायला. समोरची नईमा तर नुसतं 'या बसा' म्हणायला. पाहुण्यांपेक्षा स्वयंसेविकाच जास्त झाल्या. प्रत्येकीने वुजू घरूनच केलेला. कासमचाचांना काही दिसत नाही असं थोडंच आहे, पण ते छताकडे बघत राहिले.

आता खरी अडचण. येत्या रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे. पुरुष पाहुणे येणार आहेत, पण बाई एकही नाही. नवलाई ओसरली. विमलाबाई मुलीकडे गावी गेल्यात, संचिताची परीक्षा आहे. कासमचाचांनी कळवलं, पाहुण्या बायकाच नाहीत तर या वेळी चटई नको. एकदा गुंडाळलेली चटई पुन्हा कोण पसरतं, हे तुला मी सांगायला नको.

तू का टाळतेस तेही मला ठाऊक आहे. तुझे वडील, बाबुरावकाका, एकदा शाळेत आले होते तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. गावकऱ्यांनी देवळाचं काम त्यांच्या हातून करून घेतलं, उत्सवाला या म्हणून तोंडी सांगितलं, आणि उत्सवाच्या दिवशी पायरीखाली उभं केलं. तेव्हापासून तुमच्या घरचा नियम: लेखी बोलावल्याशिवाय कुणाच्या देवाच्या पायरीला पाय लावायचा नाही, माणूस फिरतो, कागद फिरत नाही. मी हे सगळं कासमचाचांना सांगितलं आणि इथवर लिहिलेला हा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला, स्वतःबद्दलचं वाचताना दोनदा खाकरले, आणि पार तळाशी सही केली. बघ, माझ्या नावाच्या खाली आहे; मधली जागा मी नंतर भरली. तेव्हा हे आमचं लेखी बोलावणं. तुझं मन वळवायचं नाही, तुझा धर्म तुला, माझा मला. फक्त ये, आत बस, आणि तोच जुना प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने विचार. रविवारी दारात मी आणि हाजरा उभ्या असू, बाकीच्या मागे असतील. तू पुढे हो. तुझ्या मागून आम्ही आत येतो.

तुझीच,
रुकय्या

(सही) कासम, विश्वस्त. जरूर यावे. चटई टाकली आहे.