उठबसचा खटका

ता. ६ डिसेंबर

चि. छर्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी तब्येत, तुझा कारखाना आणि तुझ्या खिडकीतली ती मरतुकडी कुंडी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

पाठीच्या ऑपरेशननंतर तुझ्या आईला कामावर जाता यावं म्हणून करायला घेतलेली सायकल तयार झाली. तिला खरं काय काय लागलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'बाबांनी हौस भागवून घेतली' असं मागाहून ऐकायला नको. दोन जुन्या सायकली लागल्या, त्यातली एक तुझी शाळेची. (चिडू नकोस. मागचा अर्धा भागच घेतलाय, घंटी जपून ठेवली आहे.) बंद पडलेल्या एका ऑफिसातली चाकाची खुर्ची लागली. तुझ्या आईच्या इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय लागला. ते टेबल आता भिंतीला टेकून उभं असतं, आणि मी जेवायला बसलो की ती आधी टेबलाकडे बघते, मग माझ्याकडे. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख लागलं. आणि तुझं-माझं बोलणं लागलं. नख परत येतंय.

फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघं एकमेकांना जरा जास्तच ऐकतो. तू 'हं' म्हणालीस की मला कळतं, पेन टेबलावर आपटलंस. मी 'बरं' म्हणालो की तुला कळतं, बाबांना पटलेलं नाही. कागद बिचारा मुका असतो, म्हणून पत्र.

त्या दिवशी तू हिशेब करून सांगितलंस, "बाबा, सायकल एक तर ताठ बसायची, उभी करा, नाहीतर रेलून चालवायची, आडवी करा. दोन्ही एकीत घालणं व्यवहार्य नाही. नुसता तो सांधाच अडीच किलो जाईल, आणि रस्त्यात थांबून तो उघडत बसणार कोण?" मी म्हणालो, "तुझी आई म्हणजे काय वळकटी आहे, आडवी करून ठेवायला?" तू फोन ठेवलास. आपल्यात खटका उडाला तो या सांध्याच्या खटक्यावरून, म्हणून आता त्याच्याबद्दलच सांगतो.

उभी असताना ती चारचौघींसारखी सायकल आहे. गर्दीतून जा, चढावर पेडलवर उभी राहून जोर लाव. मोकळा रस्ता लागला की उतरायचं आणि सीटखालचा खटका दाबायचा. सीट मागे सरकून खाली बसते, खुर्चीची पाठ उघडते, पेडलांचा दांडा पुढे जातो. मग पाय पुढे सोडून, मागे रेलून, आरामखुर्चीत बसल्यासारखं चालवायचं. 'चेन सैल पडेल तिचं काय?' असं विचारलं होतंस ना? स्प्रिंगची एक चाकी लावली आहे, ती चेन ओढून धरते. आवाज येतो 'खट्-टक्'. 'खट्'ला सुटतं, 'टक्'ला बसतं. तेवढ्या वेळात तुमच्या कारखान्यातल्या साहेबाचा चष्मासुद्धा पुसून होणार नाही.

आणि अडीच किलो कुठले! पाण्याच्या भरलेल्या बाटलीएवढंही वजन नाही. हातात घेऊन बघितलंय. फुटपाथवर पंक्चरची टोपली मांडून बसलो तेव्हापासूनचा हात आहे हा. काटा चुकेल, हात चुकणार नाही. आज चार माणसं हाताखाली आहेत ती काय उगीच? तू सायकली कागदावर काढतेस. मी त्या ऐकतो.

नाव तुझ्या आईनं ठेवलंय: उठबस. म्हणाली, "जन्मभर लोकांची उठबस केली, आता हिची करते." आणि कात्री, कंगवे, पाण्याची फवारणी, गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं कापड, सगळं पिशवीत भरून कामाला निघालीसुद्धा. तिची गिऱ्हाइकं खाटेवरून उठू शकत नाहीत. त्यांचे केस कापायचे तर कात्रीनंच त्यांच्या घरी जायला हवं.

तू मार्चपर्यंतची मुदत दिली आहेस: तोवर आईला जमलं तर ठीक, नाहीतर काम बंद आणि तुझ्याकडे राहायला. तुझा शब्द मान्य. खोली रिकामी केली आहेस तर असू दे. पडदे मात्र एवढ्यात घेऊ नकोस.

तुझा,
बाबा


ता. २१ जानेवारी

चि. छर्रा हिस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. 'सायकल कशी आहे ते कळलं. आई कशी आहे ते लिहा.' बस्स, एवढंच. लहानपणी सांडलेल्या छर्र्यासारखी कपाटाखाली जाऊन बसायचीस, हाताला लागायची नाहीस. आता नेम धरून लागतेस.

लिहितो.

सकाळी ती अंगणातून उभ्या सायकलीवर निघते. पाठ ताठ, मान वर. बेकरीवाला "वहिनी, निघालात?" विचारतो, ती हसून मान हलवते. बेकरी मागे पडली की बंद गोदामाची लांब भिंत आहे. त्या भिंतीआड मला इथून दिसत नाही, पण ऐकू येतं. खट्-टक्. म्हणजे आडवी झाली. मी हातातला पाना पुन्हा फिरवायला लागतो.

वाटलं होतं, छान चाललंय. दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत होतो. मग एका सकाळी ती कंगवे विसरून गेली, ते द्यायला मी मागून गेलो. पुढच्या वळणावर, गिऱ्हाइकाच्या गल्लीच्या अलीकडे, ती उतरली होती. खटका दाबून सायकल उभी केली. मग भिंतीला हात लावून थोडी थांबली. पदराने तोंड पुसलं. सीटवर बसताना तिनं श्वास दातांत धरला, तो मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू आला. आणि मग तीच बाई शीळ घालावी तशी गल्लीत शिरली. दर गल्लीला हेच, दर गिऱ्हाइकाला हेच.

मी कंगवे खिशात ठेवून परत आलो. आता बाकीचंही लिहितो. तिचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पाठीचं जेवढं सुधारायचं ते सुधारलं. टेकून, रेलून ती दिवसभर राहील. ताठ बसणं मात्र आता जडच जाणार, कायमचं. तुझ्या आईला हे माहीत आहे. तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं, म्हणून मी तुला खटक्याचं कौतुक लिहीत बसलो.

संध्याकाळी विचारलं, "सगळा रस्ताच आडवी का जात नाहीस? त्यासाठीच तर केलीय."

म्हणाली, "अहो, मी जाते कुणाकडे? खाटेवर पडलेल्या माणसांकडे. त्यांच्या दाराशी मी आडवी होऊन गेले तर म्हणतील, बाई, आधी तुझंच कुणीतरी बघायला हवं. त्यांना दिवसभरात उभं असं मीच एक माणूस दिसते."

"आणि दुखतं त्याचं?"

"दुखतं ते माझं आहे. तुम्ही तेल घाला, खटका करकरतोय."

करकरत नव्हता. तरी घातलं. भरपूर ग्रीस भरलं.

पडद्यांचं तू विचारलेलं नाहीस. यावेळी 'घेऊ नकोस' असं मी लिहीत नाही.

बाबा


ता. ३ मार्च

चि. छर्रा हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी बूड टेकून बस. मग वाच.

गेल्या सोमवारी तुझी आई त्या दंतवैद्यीणबाईंकडे निघाली होती. तुझी अक्कलदाढ काढली होती त्याच. आता त्या स्वतः खिडकीला लागून खाटेवर असतात, पण जीभ अजून ड्रिलसारखी चालते. गल्लीच्या तोंडाशी आई उतरली, खटका दाबला. 'खट्' आलं, 'टक्' काही येईना. हिसडे दिले, लाथ घातली, ढिम्म. सायकल आडवी ती आडवीच.

का, ते मी नंतर उघडून बघितलं. तुझ्या आईच्या अंगावर दिवसभराचे कापलेले केस असतात. उतरता-चढता ते झडतात सीटखाली, आणि सीटखाली मी मायेनं भरलेलं ग्रीस! दोघांचा मिळून आत असा नमदा झाला होता की चाकू घालून सोलावा लागला. पांढरे, करडे, एक-दोन मेंदी लावलेले. अर्ध्या गावाची डोकी त्या खटक्यात अडकली होती. तुमच्या कारखान्यात हिशेबाला बसणाऱ्यांपैकी कुणाच्या ध्यानात आलं असतं हे? माझ्या तर नाहीच आलं.

उशीर होत होता. आई चालत गेली असती, पण पिशवी जड. शेवटी तशीच बसली आणि तशीच गेली, पाय पुढे, पाठ मागे, थेट बाईंच्या खिडकीखाली.

आतून बाईंचा आवाज, "कोण गं ते?"

"मीच. केस कापायला आलेय."

"आडवी?"

"हो. सायकल बिघडली."

बाईंनी उशीवरच मान वळवून बघितलं म्हणे. त्यांची खाट आणि आईची सीट अगदी एका पातळीला. मग म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांना खुर्चीत आडवं केलं. एकदा आडवा झाला की भलाभला तोंड उघडून गप्प पडतो. आडवं होऊन चालून आलेली तूच पहिली. आत ये, आणि ती सायकल खिडकीतून दिसेल अशी लाव."

केस कापून होईपर्यंत बाई सायकलीबद्दलच विचारत होत्या. ब्रेक कसा लागतो, मान दुखत नाही का, मागचं कसं दिसतं. जाताना म्हणाल्या, "दुरुस्त करू नकोस हां. तू उभी यायचीस तेव्हा मला वर बघावं लागायचं. मान अवघडायची."

आईनं घरी येऊन 'खटका अडकला' एवढंच सांगितलं; बाकीचं मला मागाहून कळलं. मी खटका सोलून, धुऊन, नवा करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात, कान नेहमीसारखा गोदामाच्या भिंतीकडे. अंगणाचं फाटक वाजलं. सायकलीची टिकटिक बेकरीपर्यंत गेली. पुढे गेली. खट्-टक् नाही. मला वाटलं पडली, की परत फिरली. पाना टाकून पळत बाहेर आलो.

ती अंगणातूनच आडवी निघाली होती. हँडलला तिचा धंद्याचा आरसा बांधलेला, मागचं दिसायला. ढुंगणाखाली... असू दे, आई वाचणार आहे हे पत्र. मागे काठीला गिऱ्हाइकांच्या गळ्याला बांधायचं ते लाल कापड लावलेलं, निशाणासारखं. मोटारीतून खालचं दिसत नाही म्हणून तू ओरडली होतीस ना, त्यावर तिनं केलेला हा उपाय. मला न विचारता.

बेकरीसमोर पावासाठी ही रांग. बेकरीवाला ओरडला, "वहिनी, उशी देऊ का?"

"द्या की! पांघरूणही द्या. संध्याकाळी धुऊन आणून देते."

रांग हसली. बेकरीवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. आणि हसणाऱ्यांच्या मधून ती माझ्या सायकलीवरून, माझी बायको, मानेमागे हात घेऊन झोपावं तशी रेललेली, सरळ निघून गेली. छर्रा, मी या बाजारात फुटपाथवर बसलोय, इथेच पाटी लावली, इथेच लोक मला शेठ म्हणायला लागले. पण त्या दिवसासारखी मान माझी कधी वर झाली नव्हती. दुकानातल्या पोरांनी विचारलं, "शेठ, डोळ्यात काय गेलं?" मी म्हणालो, "कापलेला केस."

श्वास दातांत धरलेला ऐकू आला नाही, ना जाताना, ना येताना. चढावर ती उतरते आणि ढकलत नेते. लाज वाटत नाही म्हणते. कालपासून दोन नवी गिऱ्हाइकं लागली आहेत. दोघांचीही पहिली अट एकच: सायकल खिडकीत लावायची.

तेव्हा खोलीचं. आई म्हणते, राहायला नाही, पाहुणी म्हणून येईन, आणि आले की माझी उठबस तू करायचीस. पडदे घे. तिला निळे आवडतात.

काल रात्री म्हणाली, "तो खटका आता काढून टाका. वाजतो."

"मला नाही ऐकू आला."

"तुम्हाला ऐकायचा नसेल."

मी भिंतीला टेकलेल्या टेबलाकडे बघितलं. इस्त्रीच्या टेबलाचा पाय, अंगठ्याचं नख, तुझं बोलणं, सगळं त्या खटक्यात गेलेलं. तिला कळलं असावं. म्हणाली, "तो नसता ना, तर मी पहिल्या दिवशी या सायकलीवर बसलेच नसते."

आज सकाळी मी तो कापून काढला आणि सायकल आडवी ठेवूनच दांडा सलग जोडला. उघडझाप बंद. तुझी शाळेची घंटी तिला लावली आहे. आई गेली तेव्हा वाजवत गेली, बेकरीच्या पुढेपर्यंत ऐकू येत होती.

फोन कर. मी 'बरं' म्हणेन, तू ओळख कसलं 'बरं' आहे ते.

तुझा
अव्यवहार्य बाबा

ता. क. कापलेला खटका बेकरीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिला. अडीच किलो भरला.